दुसरं गेज

रायफलीला नवी नळी बसवली की दोन गेज, म्हणजे काडतुसाच्या मापाचे लोखंडी तुकडे, आत घालून बघायची असतात. एकावर बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, बंद झाला पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये. झालाच, तर काडतुसामागं फट जास्त राहिली; मग काडतूस फुटून जाळ गोळी झाडणाऱ्याच्याच तोंडावर येतो.

मी चौथी नापास, पण हात पक्का; म्हणून दुसरं गेज चाळीस वर्षं डब्यातच ठेवलं. माझं बोट सांगेल ते खरं. आज नेमबाजी शिकवणाऱ्या सुनंदाबाई समोर होत्या, म्हणून ऐटीत बाहेर काढून त्यांच्या रायफलीच्या नव्या नळीत घातलं. बोल्ट अलगद बंद झाला.

"काका, बसला की मस्त!"

"तेच वाईट, बाई. इथं अडायला पाहिजे होता."

बायको वर्षभर सांगतेय, बोटं बधिर झालीत तुमची, डॉक्टरला दाखवा. मी तिलाच गप्प केलं. नाही म्हणणारं माणूस असो की लोखंड, मी ते डब्यातच घालत आलो.

गेल्या आठवड्यात बाईंकडं शिकणाऱ्या एका पोरीला अशीच नळी बसवून दिली, निव्वळ बोटाच्या भरवशावर.

"तिला फोन लावा. म्हणावं, म्हाताऱ्यानं चूक केलीय, बार काढू नकोस."

"आत्ता सरावालाच गेली असेल हो ती," म्हणत बाईंनी फोन लावला.

रिंग जात होती. मी ते गेज मुठीत घट्ट धरून उभा होतो.