भट्टीत वाळवलेलं आसन

आमच्या तावियाला धीर हा प्रकार देवानं दिलाच नाही. आम्हा जुळ्या बहिणींच्या पाठीवर जन्मला आणि तेव्हापासून घाईतच आहे. थोरली बहीण म्हणून मी हे हक्कानं सांगते. गावात लाकूड कोरणारे घरोघरी. ओल्या ओंडक्याचं आसन कोरायचं, सावकाश वाळावं म्हणून भुशात पुरायचं आणि सावलीत ठेवून विसरून जायचं, ही सगळ्यांची रीत. हा मात्र रोज उकरून बघणार. एकदा त्यानं छपरावर उन्हात ठेवलेलं आसन असं फाडकन तडकलं की शेजारच्या कोंबड्या दोन दिवस अंड्यावर बसेनात.

पन्नाशीला टेकल्यावर त्याचा जीव जडला पाववाल्या सेरवावर. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, जीभ भट्टीहून गरम. आमच्यात पुरुषानं बायकोला पहिलं द्यायचं ते तिचं बसायचं आसन. तावियानं ओल्या लाकडाचं, बायकांच्या घाटाचं आसन कोरलं आणि ते घेऊन थेट सेरवाच्याच दारात गेला.

"पाव निघाले की उरलेल्या उबेत हे ठेवू दे गं. लवकर वाळेल."

"कुणासाठी एवढी लगबग?"

"आहे एक बाई," हा डोळा मिचकावून म्हणाला. "तिखट आहे, पण मला चालते."

आपण फार हुशारी केली, असं गाढवाला वाटलं. सेरवानं नुसतं भट्टीकडे बोट केलं. रोज पाव निघाले की हा आसन पुरलेली भुशाची टोपली भट्टीत सरकवायचा आणि शीळ घालत घरी यायचा.

मागणी घालायच्या दिवशी सकाळी त्यानं आसन बाहेर काढलं, तर एक बाजू करपलेली आणि बैठकीला आरपार तडा. तो रडकुंडीला आला. मलाही वाईट वाटलं.

"दुसरं कोर," मी म्हटलं.

"तोवर ती म्हातारी होईल, अक्के!"

मग मामा, होकार मिळाला की उघडायची दारूची बाटली आणि ते करपलेलं आसन घेऊन आम्ही निघालो. सेरवाच्या अंगणात तावियानं मान खाली घालून ते पुढे ठेवलं.

"तुझ्याच भट्टीनं घात केला, सेरवा. पण आहे हे तुझंच."

सेरवा आसनाकडे बघतच राहिली. मग डोक्याचा रुमाल तोंडाला लावून खदाखदा हसायला लागली.

"अहो ताई, टोपलीकडे निखारे मीच लोटले होते काल! म्हटलं, बसूच दे त्या सटवीला जमिनीवर!"

तावियाचा आ वासलेलाच राहिला. मामांनी घसा खाकरला. "झालं ते झालं. पण पोरी, उत्तर काय देतेस?"

ती आसनावर बसली. तड्यानं कचकन चिमटा काढला. "आई गं!" म्हणत ती उठली, आसनाला एक लाथ घालेल असं मला वाटलं. पण तिनं वाकून ते भिंतीकडे नेलं आणि अलगद आडवं टेकवलं. आपल्या आसनावर दुसरं कुणी बसू नये म्हणून उठताना बाई ते असंच आडवं करून ठेवते. परक्याचं आसन कुणी आडवं करत नाही.

मामांनी बाटलीचं बूच काढलं.