निळ्या धाग्याचा गळ

भातसानगरच्या वसाहतीतला माझा शेजारी धरणावर कामाला आहे, पण त्याचा जीव समुद्रावर. महिन्यातून एका रविवारी आम्ही दोघं किनाऱ्यावरून मासे धरायला जातो. दोघांचे गळ तोच बांधतो. फेकताना आमिष हवेत फडफडू नये म्हणून गळ दोरीच्या शिशाच्या वजनाजवळ असलेल्या तारेच्या चापात अडकवायचा. पाण्यावर आपटताच तो आपोआप सुटला पाहिजे. तो चाप वाकवताना शेजारी श्वाससुद्धा रोखून धरतो.

"नुसता लांब जाऊन काय करायचाय, मास्तर? सुटला पायजे ना!"

माझ्या गळाला तो एक निळा धागा बांधायचा. ओळखीसाठी असेल, असं मी समजत होतो. मासे बहुतेक मलाच लागायचे आणि परतताना गळ कसा टाकावा, हे मी त्याला शिकवायचो. तो मान डोलवायचा.

एका शनिवारी तो मला गावतळ्यावर दिसला. दोन्ही गळ पुन्हा पुन्हा फेकून बघत होता. जो दर वेळी चापातून सुटला, त्याला त्याने निळा धागा बांधला. मधूनच अडकणारा स्वतःसाठी ठेवला.

दुसऱ्या दिवशी वाटेत मी गुपचूप धागा सोडून दुसऱ्या गळाला बांधला. किनाऱ्यावर त्याने पिशवी उघडली, धागा बोटात फिरवला.

"ही गाठ माझी नाय, मास्तर."

तो हसला आणि धाग्याचा गळ माझ्या हातात दिला.

त्या दिवशी मासे त्याला लागले. परतताना गळ कसा टाकावा, हे त्याने मला वाशिंद येईपर्यंत शिकवलं. मी मान डोलवत होतो.