डेझीचा वाफा

लढाईवर गेलेल्या माझ्या थोरल्या भावानं इटलीतून पत्रात डेझी नावाच्या फुलाचं चिमूटभर बी पाठवलं. आमच्या दुष्काळी माण तालुक्यात प्यायला पाणी मिळायची मारामार, तिथं फुलांचे चोचले कुणी करायचे? मी कुरकुरतच न्हाणीचं पाणी बाहेर पडतं तिथं वाफा केला. बोटभर, कोवळी रोपं उगवली. आई त्यांच्यावर ओंजळीनं पाणी शिंपडायची. मला तांब्याला हातही लावू द्यायची नाही.

मग भाऊ लढाईत मारला गेल्याची तार आली. रीतीप्रमाणे घरातल्या सगळ्यांनी, भावकीनं आमच्याच न्हाणीत अंगावरून पाणी घेतलं. एवढं पाणी तिथून कधीच वाहिलं नव्हतं. दुपारी बघितलं, तर वाफा धुऊन गेलेला.

तार आल्यापासून आईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. ती चिखलात बसून एकेक रोप परत रोवायला लागली. मी तिला उठवायला गेले, तर माझा हात झिडकारून ती एकदम मोठ्यानं रडली, "त्येनं लिवलं हुतं की गं, रोपं लय नाजूक हायती, पानी बेतानं घाला म्हनून!"