सुमनच्या पाठीशी मामा

"याला लॅमेलर इक्थिओसिस म्हणतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे जन्मापासून कातडीचे खवले सुटत राहणारा आजार. माझी धाकटी लेक रेखा तेव्हा शाळेत जाऊ लागली होती. नांदेडला मलमं लावून झाली होती, ग्रहणात मी भाजी चिरली म्हणून सासरची बोलणीही खाऊन झाली होती. आजाराचं नाव मात्र लातूरला, नव्यानं झालेल्या जिल्ह्याच्या दवाखान्यात कळलं.

"लग्न नात्यातलं का?" त्यांनी विचारलं.

आमच्या बिलोलीकडं मुलगी मामाला देतात. माझे मालक माझे सख्खे मामा.

त्यांनी समजावलं. आईबाप दोघंही कॅरियर, म्हणजे दोष अंगात असतो पण वर दिसत नाही. दोघांकडूनही तो आला तरच मूल आजारी. दर बाळंतपणात चारात एक, एवढी शक्यता. एका रक्ताच्या माणसांत असे दोघं सहज एकत्र येतात. "ग्रहणाचा काही संबंध नाही," त्या म्हणाल्या आणि मी बाकावर बसून रडले.

मग थोरली सुमन आठवली. ती धडधाकट, पण दोष तिच्यातही असेल, माझ्या धाकट्या भावातही. आणि तिची सुपारी त्याच्याशीच, नामदेवशीच फुटली होती.

ते दुष्काळाचं साल. रेखाला घाम येत नाही, ऊन चढलं की अंग तापतं. टँकर आला की आधी तिच्या अंगावरचं फडकं भिजवायचं. रांगेतल्या बाया आमची घागर लांब ठेवायला लावत. ज्यांच्या घरी असं लेकरू आहे त्यांनी ठणकावून सांगा, हा आजार शिवल्यानं होत नाही.

नामदेवला मी सगळं सांगितलं, सुपारी मोडू म्हणाले.

"अक्का, गाव म्हणंल मामानंच पोरगी टाकली," तो म्हणाला. "मला सुमन पसंत हाय."

"रेखाकडं बघ," मी म्हणाले. तो उठून गेला. पुढं कितीतरी दिवस आमच्या घरी फिरकला नाही.

सुमनला शिरूर अनंतपाळचं, नात्याबाहेरचं स्थळ मिळालं. अंतरपाट धरला तरी मुलीच्या पाठीशी उभा राहायला मामा नव्हता. इतक्यात नामदेव आला, रेखाचा हात धरून. सुमनच्या मागं उभा राहिला.

रेखा आजही तेल लावते, अंग भिजवते. आजार गेला नाही, आम्ही त्याच्यासोबत राहायला शिकलो.

सुमनचं बाळ बघायला नामदेव आला, तेव्हा आधी त्यानं बाळाच्या पाठीवरून हात फिरवला. पुन्हा एकदा फिरवला.

"लई मऊ हाय गं," तो म्हणाला आणि बाळ रेखाच्या मांडीवर दिलं.