कुसुम सुव्वम

दाराबाई इतक्या भित्र्या होत्या, की फळ्यावरचं फडकं खाली पडलं तरी त्या दचकून बाहेर बघायच्या. आमच्या मुलींच्या शाळेत त्या इतिहास शिकवत, तोही उर्दूत, कारण संस्थानात सगळं शिक्षणच उर्दूत. बाई आमच्यासारख्याच काचीगुड्यातल्या मराठी. घरी लकव्यानं अंथरुणाला खिळलेली आई आणि बाईंच्या नोकरीवर चाललेली चूल. भीती तिथूनच येत असावी.

इराणच्या एका जुन्या घराण्यात दारा नावाचे तीन बादशहा होऊन गेले. बाईंचा त्यांच्यावर एवढा जीव, की आम्ही त्यांचं नावच दाराबाई पाडलं होतं आणि एकाच नावाच्या मुलींनाही त्या तसाच क्रम लावत. वर्गात आम्ही तिघी कुसुम. एक अव्वल, एक दुव्वम आणि तिसरी मी, सुव्वम. हा किताब मी घरीसुद्धा मिरवायची.

पहिल्या दाराच्या सडका आणि घोडेस्वार बाई रंगून सांगत. तिसऱ्यापाशी मात्र आवाज उतरायचा. "खिडकी लावून घे गे. हे रस्त्यावर ऐकू जायला नक्को." तिसऱ्याबरोबर बादशाही बुडाली होती ना! आणि आमच्याकडे ते संस्थानाचं शेवटचं वर्ष होतं. गल्लीत रोज नव्या घराला कुलूप दिसायचं, वडील माणसं कुजबुजत बोलायची. मला तर वाटे, तिसरी म्हणून माझंच काहीतरी वाईट होणार.

अशात कुसुम दुव्वमनं भर वर्गात विचारलं, "बाई, आपले सरकार गादीवरचे सातवे ना? मग आठवे होणार का?" बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. ही गोष्ट बाहेर कशी गेली कोण जाणे, पण थोड्याच दिवसांत तपासणीचे साहेब थेट आमच्या वर्गात आले आणि त्यांनी मलाच उभं केलं.

"तीसरे दारा का क्या हुआ?"

उत्तर पाठ होतं. पण मी ते सांगितलं तर बाईंची नोकरी जाईल, या धास्तीनं मी बाईंकडे पाहिलं.

"तू बैठ," बाई म्हणाल्या. टेबलाची कड धरून त्यांनीच उत्तर दिलं. "जंग हारे, भागे, अपनेइच लोगों के हाथ से मारे गए. सल्तनत वहीं खतम."

"बच्चियों को यही पढ़ाते आप?"

"तवारीख में यही है, साहब."

खिडक्या सताड उघड्या होत्या.

बाईंना कामावरून कमी केलं. आईला घेऊन त्या मनमाडला मावसभावाकडे निघाल्या, तेव्हा मी वडिलांबरोबर काचीगुडा स्टेशनवर गेले. डबा खच्चून भरलेला, पण कोणी बोलत नव्हतं. बाईंनी खिडकीतून माझा हात धरला.

"आजपासून तू नुसती कुसुम," त्या हळूच म्हणाल्या. "तिसऱ्याचं नशीब तुझ्या मागं नक्को."

मला रडू आलं. "नाही बाई. मी सुव्वमच."

गाडी हलली. बाईंनी सवयीनं इकडेतिकडे पाहिलं. मग सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "कुसुम सुव्वम, जा आता घरी."

त्यानंतर मला त्या नावानं कोणी हाक मारली नाही.