शोनाची कॅसेट

वॉटी पेट्री माझ्या वरच्या मजल्यावर राहतो. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या घड्याळ कारखान्यात तो तपासनीस होता. चाळीसेक वर्षांपूर्वी तिथे घरगुती कॉम्प्युटर जोडायला लागले, तेव्हा त्यातला एक, रबरी बटणांचा, त्याने लेकीसाठी आणला. शोनाने त्यावर स्वतः एक खेळ लिहिला आणि कॅसेटवर भरून ठेवला.

"बाबा, बघ ना," ती म्हणायची.

"उद्या." वॉटी पाळीवरून दमून आलेला असायचा.

त्या हिवाळ्यात शोना मेंदूज्वराने गेली.

हे त्याने मला यंदा सांगितलं, माळ्यावरून कॉम्प्युटर उतरवल्यावर. नेटाला, त्याच्या बायकोला, आता धड दिसत नाही. "तिने तरी पाहिलाय तो खेळ," वॉटी म्हणाला. "मला एकदा बघायचाय. मग काही नको."

कॉम्प्युटर लावला तर पडद्यावर नुसते रंगीत तुकडे. वॉटीने मीटरने वीज तपासली, झाकण काढलं आणि एकेका चिपवर बोट ठेवत गेला.

"मेलेली चिप तापते," तो म्हणाला. "माणसाच्या उलट."

एक चिप चटका देणारी निघाली. ती काढून त्याने दुसरी बसवली. पडदा स्वच्छ झाला. त्या दिवशी आम्ही गरम ब्रायडी, म्हणजे इथल्या खिम्याच्या करंज्या, खाल्ल्या, बोटं तुपकट होईपर्यंत.

"काय गं पुस्तकवाले," वॉटी म्हणाला, "तुझ्या कॉलेजात शिकवतात का असलं?"

"नाही. तिथे मेलेल्यांना हात लावत नाहीत. नुसतं बोलतात."

तो हसला. त्याला इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं.

मग टेपरेकॉर्डर; कॅसेटवरचा खेळ त्यातूनच आवाजाच्या रूपात कॉम्प्युटरमध्ये जायचा. त्याच्या टेप वाचणाऱ्या हेडला एक बारीक स्क्रू असतो. हेड तिरकं असलं की कॅसेट वाचली जात नाही, म्हणून त्या काळी प्रत्येकाजवळ छोटा पेचकस असायचा. वॉटीने तेव्हा दुकानातून आणलेल्या खेळाची एक कॅसेट लावली आणि आवाज अगदी धारदार होईपर्यंत स्क्रू फिरवला. ती कॅसेट पहिल्या झटक्यात चालली.

शोनाची चालली नाही. कर्कश आवाज, पडद्यावर पट्टे, मग चूक झाल्याचा संदेश. पुन्हा लावली. पुन्हा तेच.

वॉटीचा हात थांबला.

"हेड वाकडं होतं," तो म्हणाला. "तिने भरलं तेव्हा."

"मग?"

"मग काय? मी सरळ केलं. ती कॅसेट तशा वाकड्या हेडलाच वाचता आली असती."

आधीची जागा त्याने खूण करून ठेवली नव्हती. कारखान्यात वाकडं दिसलं की सरळ करायचं, एवढंच. तो स्क्रू केसाएवढा मागे न्यायचा आणि कॅसेट पुन्हा चालवायचा. दर खेपेला आवाज आणखी बसत गेला. शेवटी त्याने हेडवरून कापसाचा बोळा फिरवला. बोळा तपकिरी झाला.

"टेपचा थरच उतरलाय," तो म्हणाला. "यातच होता खेळ."

स्वयंपाकघरातून नेटा ओरडली, "किती किंचाळतंय ते! डोकं उठलं माझं."

वॉटी आत गेला. मी दारात उभी राहिले.

"नेटा, शोनाचा खेळ कसा होता गं?"

"कुठला?"

"तिने लिहिलेला. तू बघायचीस ना."

नेटा चाचपडत पावाला लोणी लावत होती.

"मी? छे रे. तेव्हाही असंच किंचाळायचं ते. मी दार लावून घ्यायचे." तिने पाव त्याच्यापुढे सरकवला. "मला वाटलं, तू बघतोस."