घागरीवरची मथू

परवा नातीने मला धक्काच दिला. ती मुंबईला चित्रकला शिकते. सुट्टीला जव्हारला आली ती तांब्याचा एक पत्रा घेऊन. त्यावर सुईने चित्र कोरलेलं, वर तिने शाई फासली आणि सगळी पुसून टाकली. मी म्हटलं, अगं, पुसलीस तर उमटणार काय? "आजी, बघ तर." आणि मला एकदम आमची घागर आठवली.

सांगते. शाळा माझी चौथीपर्यंत, चुकलं तर सांभाळून घ्या.

संस्थान नुकतंच विलीन झालेलं. राजवाड्यात काय बदललं ते मोठ्यांना माहीत, आम्हा मुलींना एवढंच कळलं की शाळेत चित्रकलेचे नवे मास्तर आले. त्यांनी भेंडी कापून, शाईत बुडवून ठसे काढायला शिकवलं. उंच भागाला शाई लागते, खोलगट भाग कोरा राहतो. मी घरातली सगळी भेंडी संपवली... त्या दिवशी नागलीची भाकर नुसत्या चटणीशी खाल्ली सगळ्यांनी.

त्याच सुमाराला आळीत एक लग्न झालं. लग्नघरी सगळ्यांची भांडी जातात, येताना अदलाबदल होते, म्हणून तर भांड्यावर नाव घालतात. आमची पितळेची घागर शेजारच्या गंगाकाकूंकडे गेली आणि त्या म्हणायला लागल्या, ही माझीच. चिंचेने घासून घासून नाव इतकं झिजलेलं, बोटाला जरा खरखर लागायची, पण वाचता येईना.

ती घागर आईला तिच्या आईने खोडाळ्याहून दिलेली. आजी तोवर गेली होती, तिची दुसरी काही वस्तू आईकडे नव्हती.

"मग सांग की, नाव काय घातलंय?" काकूंनी विचारलं.

आई हळूच म्हणाली, "मथू."

"कोण मथू? तू तर सरस्वती."

ओटीवरच्या बायका हसल्या. मी तर चाटच पडले. लग्नात आईचं नाव बदललं होतं, हे मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. आई म्हणजे सरस्वती, एवढंच ठाऊक.

मी मोठी शहाणी... धावत शाई आणली, नावावर फासली नि भेंडीसारखा कागद दाबला. नुसता काळा डाग.

"घ्या, आली तुमची मथू," काकू म्हणाल्या. आईकडे बघवेना मला.

मास्तर समोरच राहायचे, ते उठून आले. "पोरी, ही भेंडी नव्हे. इथे नाव वर नाही, आत आहे." त्यांनी दिव्याची काजळी खुरासणीच्या तेलात घोटली, नावावर चोळली आणि चिंधीने पुसून टाकली, पितळ पुन्हा चमकेपर्यंत. मग ओला कागद ठेवून पळीच्या पाठीने दाबून दाबून घासला.

कागद सोलून काढला तर त्यावर ठिपक्याठिपक्यांची अक्षरं, पण उलटी. मास्तरांनी कागद उन्हात धरला आणि मागच्या बाजूने वाचलं. "मथू. खोडाळा."

मग काकूंनीच घागर उचलून आईपुढे ठेवली. "ने बाई मथू, तुझी घागर. पण मग माझी कुठाय?" त्यांची लग्नघरीच सापडली, मोरीत. आई रडत होती की हसत होती, मला आजही सांगता यायचं नाही. वाचता येत नव्हतं तिला, तरी कागदावरून बोट फिरवत बसली होती.

पुढे आई घागर घासायची ती तेवढी जागा सोडून. तिथे काळं का, असं कोणी विचारलं तर म्हणायची, "असू दे."

परवा माळ्यावरची घागर मी खाली काढायला लावली. नातीने तसंच केलं, शाई भरली, पुसली, ओला कागद दाबला... आली मथू. जरा फिकी, पण आली. "पणजीचं नाव सरस्वती ना?" नातीने विचारलं. म्हणजे मीसुद्धा कधी सांगितलं नव्हतं बघा.

कागद आता देव्हाऱ्याशेजारी लावलाय. आईचं नाव मला ज्यांनी दाखवलं, त्या मास्तरांचे उपकार मानायला म्हणून हे लिहायला बसले... आणि त्यांचंच नाव काही केल्या आठवत नाहीये.